लिव्हरमोरची द्राक्षबाग ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’सह घेतली, तर जमिनीचा मालक कोण?

मालक आपणच राहाल. विक्रीच्या कागदांत लँड ट्रस्टचे, म्हणजे जमिनी राखणाऱ्या ना-नफा संस्थेचे, नाव दिसल्यामुळे जमीन त्या संस्थेची झाली की काय आणि असा व्यवहार करावा का, असे आपण विचारले आहे. कॅलिफोर्नियात मालमत्तांचे टायटल, म्हणजे मालकी हक्काचे कागद, तपासणे हे माझे काम असल्याने असे दस्त माझ्या नजरेखालून नेहमी जातात.

कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणजे जमीन कायमची राखून ठेवणारा दस्त. त्याने ट्रस्टकडे मालकीतला एकच हक्क गेलेला असतो, तो म्हणजे त्या जमिनीचे प्लॉट पाडून बांधकाम करण्याचा; आणि ट्रस्टने तो घेतलेला असतो, तो पुढे कोणालाच वापरता येऊ नये म्हणून. गावाकडे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढलेला बँकेचा बोजा कर्ज फिटले की कमी करून घेता येतो. हा बोजा मात्र जमीन कितीही हातांतून गेली तरी तिच्याबरोबरच जातो, आणि उद्या काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) झोनिंग, म्हणजे जमीन-वापराचे नियम, बदलले तरी दस्त कायम राहतो.

लिव्हरमोरला हे का घडले, ते समजून घेणे उपयोगाचे आहे. वेंटी आणि कॉन्कॅनन या दोन्ही वायनरी (वाइन बनवणारे कारखाने) कॅलिफोर्नियातल्या या लिव्हरमोर खोऱ्यात 1883 साली सुरू झाल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या शहरी पट्ट्याची, म्हणजे बे एरियाची, घरे खोऱ्यात शिरू लागली आणि बागा आक्रसल्या. म्हणून अलामेडा काउंटीने 1993 मध्ये दक्षिण लिव्हरमोरसाठी आराखडा केला. त्यानुसार मूळ मर्यादा 100 एकरांना एक घर अशी असून, 20 एकरांचे तुकडे पाडायचे असतील तर 90 टक्के जमीन लागवडीखाली आणून कायमच्या ईझमेंटखाली द्यावी लागते. हे दस्त सांभाळण्यासाठी 1994 मध्ये जो ट्रस्ट उभा राहिला, तोच आजची ट्राय-व्हॅली कॉन्झर्व्हन्सी.

आपल्या दस्तात ‘बिल्डिंग एन्व्हलप’, म्हणजे बांधकामासाठी आखून दिलेली हद्द, हा भाग सर्वांत आधी वाचा. 20 एकरांच्या तुकड्यात तो साधारण 2 एकरांचा निघतो. घर, कोठार, वायनरी, सारे त्याच आखलेल्या हद्दीत बसवावे लागते. पुढे मुलासाठी बागेच्या दुसऱ्या टोकाला बंगला बांधू, असा विचार असेल तर तो आताच सोडून द्यावा. ट्रस्टची माणसे सहसा वर्षातून एकदा पाहणीला येतात आणि ईझमेंट करतेवेळच्या नकाशा-छायाचित्रांशी जागा ताडून पाहतात.

किमतीचे म्हणाल, तर बांधकामाची आशा धरून जमिनीला येणारा भाव आणि केवळ शेती म्हणून येणारा भाव यांतील फरक हे ईझमेंटचे मूल्य. त्याचा मोबदला किंवा करसवलत ज्याने ईझमेंट दिले त्याने तेव्हाच घेतलेली असते, त्यामुळे आपल्याला जमीन शेतीच्याच भावात मिळायला हवी. विक्रेता प्लॉटिंगचा भाव सांगत असेल तर व्यवहार करू नये. दुसरे असे की, ईझमेंट घरे अडवते, पण द्राक्षांना गिऱ्हाईक आणून देत नाही, आणि सध्या कॅलिफोर्नियात वाइनच्या द्राक्षांना उठाव कमी आहे. वायनरीशी खरेदीचा करार आहे का, हे मी दस्ताइतक्याच बारकाईने पाहीन.

एस्क्रो, म्हणजे पैसे आणि कागद त्रयस्थाकडे ठेवून होणारी खरेदीची प्रक्रिया, पूर्ण होण्याआधी अटींचा भंग झालेला नसल्याचे पत्र ट्रस्टकडून मागून घ्यावे. आधीच्या मालकाने हद्दीबाहेर शेड उभारलेली असेल, तर ती पाडण्याची नोटीस नव्या मालकाच्या नावे येऊ शकते.