क्रिकेट समालोचकाच्या एका वाक्यावरून एवढा गदारोळ का होतो? आणि त्यासाठी त्याला काढून टाकणं बरोबर आहे का? असं तुम्ही विचारलंय. माफी मागूनही लोक ऐकत नाहीत, असंही लिहिलंय.

लोक भडकतात याचं मला नवल वाटत नाही. कशावरून कोणाचं काम जातं, याचं वाटतं. आपल्याकडे हा हिशोब बराचसा उलटा लागलाय, आणि माझं सगळं उत्तर त्याभोवतीच आहे.

मी नागपूरचा. क्लबच्या पुढे कधी खेळलो नाही. पण हिवाळ्यात आमच्याकडे टेनिस बॉलच्या डे-नाइट स्पर्धांचा मोसम असतो, तिथे मंडपात बसून माईक धरतो. हॅलोजनचे दिवे, धुरळा, चहाचे कागदी कप, आणि आयोजकांचा माणूस सारखा चिठ्ठ्या सरकवतोय: 'पुढच्या सिक्सरला अमुक भाऊंकडून पाचशे रुपये.' याला कोणी समालोचन म्हणावं की नाही हा वेगळा वाद. पण माईकवर गेलेला शब्द मागे घेता येत नाही, हे टीव्हीवाल्यांइतकंच आम्हालाही लागू आहे.

आधी भडकण्याचं बघू. पानठेल्यावर आपण खेळाडूंबद्दल जे बोलतो ते कोणी रेकॉर्ड करून लावलं, तर अर्ध्या धरमपेठेला माफीनामे लिहून द्यावे लागतील. पण तिथे समोरचा लगेच म्हणू शकतो, "काऊन बे, तू खेळून दाखव ना!" टीव्हीतल्या माणसाला असं मध्येच तोडता येत नाही. तो दिवसदिवसभर आपल्या घरात बोलत राहतो आणि आपण फक्त ऐकायचं. मग एखादं वाक्य खटकलं की राग बाहेर पडायला फोन तेवढा हाताशी असतो. त्यात तो माजी खेळाडू असला तर 'यानं स्वतः काय दिवे लावले होते' हे काढायला दोन मिनिटं लागत नाहीत.

इथपर्यंत ठीक आहे. पुढे बघा.

२०१९ च्या विश्वचषकात माजी फलंदाज आणि समालोचक संजय मांजरेकर भारताचा अष्टपैलू रवींद्र जडेजाबद्दल बोलले. थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग करणारे खेळाडू मला एकदिवसीय संघात फारसे पसंत नाहीत, आणि जडेजा सध्या तसा आहे, असा त्याचा आशय. कसोटीत तो अस्सल गोलंदाज आहे, हेही त्यांनी त्यातच म्हटलं होतं, पण ते कोणी पुढे पाठवलं नाही. जडेजानं ट्विटरवर सुनावलं, की मी तुमच्या दुप्पट सामने खेळलोय आणि अजून खेळतोय. लोक मांजरेकरांवर तुटून पडले. आठवड्याभरातच मँचेस्टरला उपांत्य सामन्यात जडेजानं ५९ चेंडूंत ७७ धावा ठोकल्या. सामना आपण हरलो, पण यानं माझ्या चिंधड्या उडवल्या, असं मांजरेकरांनी स्वतःच कबूल केलं. माझ्या मते गोष्ट तिथे मिटली होती. एकानं मत दिलं, दुसऱ्यानं बॅटनं उत्तर दिलं, पहिल्यानं मान तुकवली. याहून निकोप भांडण कुठलं असतं? तरी मार्च २०२० मध्ये मांजरेकर बीसीसीआयच्या, म्हणजे भारतीय क्रिकेट बोर्डाच्या, समालोचकांतून बाहेर होते. कारण बोर्डानं जाहीर केलं नाही.

मला त्यांचा राग आला होता, पण तो दुसऱ्याच गोष्टीवरून. नोव्हेंबर २०१९, ईडन गार्डन्स, भारतातली पहिली दिवसरात्र कसोटी. गुलाबी चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंनाच विचारायला हवं, असं सहसमालोचक हर्षा भोगले म्हणाले, जे स्वतः भारताकडून खेळलेले नाहीत. त्यावर मांजरेकर जे बोलले त्याचा मतलब असा, की तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलेल्यांना कळतं. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला सगळ्या जगासमोर असं बोलणं हा उद्धटपणाच होता. पुढे त्यांनीही ते वागणं चुकल्याचं मान्य केलं. माईक धरणाऱ्या आम्हा न खेळलेल्यांना ते वाक्य आजही टोचतं.

भोगल्यांचं प्रकरण तर आमच्या अंगणातलं. १५ मार्च २०१६, टी-२० विश्वचषक, नागपूरजवळचं जामठा स्टेडियम. न्यूझीलंडच्या १२६ धावा म्हणजे किस झाड की पत्ती, असं समजून लोक वर्धा रोडनं गाणी म्हणत आले होते. सँटनरनं चार बळी घेतले, आपण ७९ वर गुंडाळलो गेलो, आणि परतताना गाड्यांच्या रांगेत हॉर्नशिवाय आवाज नव्हता. त्या सामन्यावेळी भोगल्यांची स्टेडियममधल्या एका पदाधिकाऱ्याशी बाचाबाची झाल्याचं नंतर वर्तमानपत्रांत छापून आलं. थोड्याच दिवसांत बंगळुरूला बांगलादेशला आपण एका धावेनं हरवलं, आणि अमिताभ बच्चन यांनी ट्वीट केलं की भारतीय समालोचकानं सदानकदा दुसऱ्यांबद्दल बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. धोनीनं 'आणखी काही सांगण्यासारखं नाही' एवढंच म्हणून ते पुढे पाठवलं. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू होताना भोगले यादीत नव्हते. नागपूरचं भांडण, बच्चन यांचं ट्वीट की आणखी काही, बोर्डानं याही वेळी सांगितलं नाही.

यावर भोगल्यांनी तेव्हा जे लिहिलं ते प्रत्येक भडकणाऱ्यानं समजून घ्यावं असं आहे. हिंदी समालोचन देशातल्या प्रेक्षकांसाठी असतं, तिथे 'आपण' आणि 'ते' चालून जातं. इंग्रजी समालोचन ढाक्यातही ऐकलं जातं आणि ऑकलंडमध्येही. तिथे एकाच संघाची आरती ओवाळली तर अर्धे ऐकणारे टीव्हीचा आवाज बंद करतील. म्हणजे ज्याला आपण 'दुसऱ्यांचं कौतुक' म्हणून शिव्या घालत होतो, ते त्या माणसाचं ठरवून दिलेलं काम होतं.

आता दुसरी बाजू. मे २०२२, आयपीएल. राजस्थानच्या शिमरॉन हेटमायरची बायको नुकतीच बाळंत झाली होती. तो फलंदाजीला आला तेव्हा सुनील गावस्करांनी तिच्या बाळंतपणावरून कोटी केली. लोक दोन दिवस चिडले, विषय संपला. मार्च २०२५, हैदराबाद. इंग्लंडचा कृष्णवर्णीय गोलंदाज जोफ्रा आर्चरनं चार षटकांत ७६ धावा दिल्या, आयपीएलमधला सगळ्यात महागडा स्पेल. हिंदी समालोचनात हरभजन सिंगनं त्याच्यावर लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या मीटरची उपमा चिकटवली. त्याही वेळी लोक चिडले, कार्यक्रम पुढे चालू राहिला. दोघांचंही समालोचन सुरूच राहिलं.

गावस्करांच्या बॅटिंगवर वाढलेल्या घरातला मी माणूस आहे, मला त्यांचं काम जावं असं मुळीच वाटत नाही. पण ओळीनं लावून बघा. खेळाबद्दल मत दिलं किंवा समोरच्या संघाला न्याय दिला, त्यांना घरी बसावं लागलं. बायकोवर किंवा कातडीच्या रंगावर घसरले, ते बसून राहिले. काम जाणं वाक्याच्या वाईटपणावर ठरत नाही. दुखावलेला कोण आहे, त्याच्यामागे किती माणसं उभी आहेत, यावर ठरतं. हेटमायर गयानाचा. त्याच्यासाठी इथे कोण फलक धरणार?

आमच्या धुरळ्याच्या मैदानावर हा न्याय जास्त सरळ मिळतो. मागे एका स्पर्धेत माझ्या शेजारी दुसरा एक भाऊ माईकवर होता. लाँगऑनच्या पोरानं लागोपाठ दोन झेल सोडले. हा म्हणाला, "याच्या हातात काही टिकतच नाही राजेहो, लग्नाची बायको कशी टिकली!" पब्लिक खळखळून हसलं. पुढची ओव्हर संपायच्या आत त्या पोराचा मोठा भाऊ मंडपात. ओरडला नाही, काही नाही. खाली वाकला, माईकची पिन काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला, "झेल सोडला, झेलावर बोला. घरात कायले घुसून राहिले तुम्ही?" आयोजकांनी समजूत घातली, माझा शेजारी गेला, त्या पोराशी हात मिळवून आला, आणि उरलेला सामना त्यानंच बोलून संपवला. त्याच संध्याकाळी मी माईकवर त्या संघाच्या कर्णधाराबद्दल तीनदा म्हटलं असेल, की आखूड चेंडूवर याचे पाय जमिनीत रुतल्यासारखे होतात. तो माझ्याकडे आला तो फक्त पाणी प्यायला.

टीव्हीवर नेमकं याच्या उलट चाललंय.

चिडणं नेहमीच वाया जातं असंही नाही. २०१८ ची मेलबर्न कसोटी आठवा. मयंक अगरवालचं पदार्पण, पहिल्याच डावात ७६. ऑस्ट्रेलियाचे माजी फिरकीपटू केरी ओकीफ समालोचनात म्हणाले, की यानं रणजीत त्रिशतक काढलं ते रेल्वेच्या कॅन्टीनमधल्या कामगारांविरुद्ध वगैरे. हे आम्हाला जास्त झोंबलं, आणि कारण आहे. मयंकचं ते नाबाद ३०४ नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला, महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध होतं. त्याच मोसमात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात आमच्या विदर्भानं मयंकच्या कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं, रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात सात गडी टिपले, आणि पुढे इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली. मोसमात ११६० धावा काढणारा मयंकही कर्नाटकाला त्यातून वाचवू शकला नाही. म्हणजे ओकीफ यांच्या हिशोबानं कॅन्टीनवालेच कॅन्टीनवाल्यांशी खेळत होते! त्या वेळी नुसतं याला काढा म्हणून ओरडण्यावर भागलं नाही. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक रवी शास्त्रींनी थेट प्रक्षेपणात टोला हाणला, की तुम्ही कॅन्टीन उघडाल तेव्हा मयंकला तिथल्या कॉफीचा वास घ्यायचाय, भारतातली चांगली की तुमची, ते बघायला. ओकीफ यांनी नंतर जाहीर माफी मागितली. चिडावं तर असं.

माफी मागूनही लोक ऐकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं ऐकतात, माफी सरळ असली तर. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडची माजी खेळाडू आणि समालोचक ईसा गुहा हिनं जसप्रीत बुमराहचं कौतुक करताना माकडकुळातल्या प्राण्यांसाठी असलेला इंग्रजी शब्द वापरला. दुसऱ्याच दिवशी खेळ सुरू होण्याआधी तिनं कॅमेऱ्याकडे बघून माफी मागितली. मी चुकीचा शब्द निवडला, त्याबद्दल मनापासून माफी, असं सरळ. आपलीही मुळं दक्षिण आशियातली आहेत, कौतुकच करायचं होतं, हे तिनं सांगितलं, पण शब्द चुकला हे कबूल करायचं टाळलं नाही. बाजूला बसलेल्या शास्त्रींनी तिच्या धाडसाला दाद दिली. प्रकरण तिथेच थंडावलं. आणि आपण त्या शब्दावर चिडलो ते बरोबरच, पण २००७ मध्ये वडोदरा आणि मुंबईच्या स्टँडमधून ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडाचे आवाज काढणारेही आपलेच होते. त्यांच्याकडे माईक नव्हता, एवढाच फरक.

भडकण्याआधी पूर्ण वाक्य ऐकावं, हे तर आहेच. सप्टेंबर २०२० मध्ये गावस्कर विराट आणि अनुष्काबद्दल हिंदीत काय बोलले, याच्या इतक्या घाणेरड्या आवृत्त्या फिरल्या की मूळ वाक्य त्यात हरवून गेलं. लॉकडाऊनमध्ये विराटनं सराव केला तो अनुष्काच्या बोलिंगवर, असं ते म्हणाले होते. दोघं घराच्या आवारात क्रिकेट खेळतानाचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी बघितला होता, संदर्भ त्याचा. अनुष्का चिडली, तिचं म्हणणं असं की नवऱ्याच्या खेळात दरवेळी मला का ओढता. तो आक्षेप मला पटतो. मोबाइलवर फिरणाऱ्या आवृत्तीवर चिडलेल्यांचा नाही पटत.

मग काढायचं कधी? ऑस्ट्रेलियाचा माजी फलंदाज आणि समालोचक डीन जोन्सचं उदाहरण पुरेसं आहे. २००६, कोलंबो कसोटी. दक्षिण आफ्रिकेचा मुस्लिम खेळाडू हाशिम आमलानं झेल घेतल्यावर जोन्स त्याला दहशतवादी म्हणाला. जाहिराती सुरू आहेत, माईक बंद आहे, असं त्याला वाटत होतं. दक्षिण आफ्रिकेत आवाज चालू होता. टेन स्पोर्ट्स वाहिनीनं त्याला लगेच काढलं, त्यानं माफी मागितली, आणि काही काळानं तो पुन्हा समालोचन करू लागला. एखाद्याचा धर्म बघून त्याला गुन्हेगार ठरवलंत, तर माईक गेला पाहिजे, मग समोर कोणत्याही देशाचा खेळाडू असो. बायको, आई, रंग यावर घसरलात, तर त्याच माईकवरून, त्याच प्रेक्षकांसमोर, नाव घेऊन माफी. आणि खेळाडूच्या खेळावर मत दिलं असेल, कितीही बोचरं असो, तर त्याला हात लावायचा नाही. खेळाडूला राग आला तर त्यानं जडेजासारखं सुनवावं, शक्य झालं तर ७७ काढून सुनवावं.