आधी त्यांचा रिपोर्ट, मग तुझं ऑपरेशन

'वय २९, दोन वर्षं बाळासाठी प्रयत्न चाललेत. थायरॉइड, सोनोग्राफी, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा बघायची रक्ततपासणी) सगळं झालं, गेल्या महिन्यात गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायची ट्यूब टेस्टही. सगळं नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून बघू, २२ तारीख ठरलीय. सासूबाईंनी सोळा सोमवार धरायला लावलेत. यांची तपासणी केलेली नाही, पण त्यांच्यात दोष असायचा प्रश्नच नाही. रोज जिमला जातात, ट्रेनरने सुरू केलेल्या इंजेक्शनांनी अंग छान भरलंय. माझंच काही चुकतंय का, ताई?'
– एक वाचक, सांगली

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या इंजेक्शनांपाशी थांबले. तू ती नवऱ्याच्या धडधाकटपणाचा दाखला म्हणून लिहिलीस. मला वाटतं, घोडं तिथंच पेंड खातंय.

अंग भरायला जिममध्ये टोचतात ती इंजेक्शनं बहुतेकदा टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच जातीच्या स्टेरॉइडची असतात. हे हार्मोन बाहेरून मिळू लागलं की मेंदू वृषणांना कामाला लावणारे संदेशच थांबवतो. दंड फुगतात आणि शुक्राणू घटत जातात, कधी पार शून्यावर येतात. वरून काही कळत नाही. संबंध नीट येतात, वीर्यही नेहमीसारखंच दिसतं. शुक्राणू आहेत की नाहीत, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

तुझ्याकडे असंच झालंय, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पण तू ट्यूब टेस्टच्या टेबलावर दातओठ आवळून पडलीस आणि त्यांना डबीत एक नमुना द्यायलाही कुणी सांगितलं नाही, याचा मला राग आलाय. तुझ्या डॉक्टरांचासुद्धा. मूल राहत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. ही तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

तेव्हा आता एकच कर. त्यांची वीर्यतपासणी करून घे. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा, घरून न्यायचा तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवायचा. इंजेक्शनची रिकामी बाटली डॉक्टरांसमोर ठेवायची. ती इंजेक्शनं बंद कशी करायची हे डॉक्टरांनाच विचारा, ट्रेनरला नाही. एकदम सोडली की काहींना फार गळून जायला होतं, मन उदास होतं.

रिपोर्ट वाईट आला तरी हातपाय गाळू नकोस. इंजेक्शनं थांबली की बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. वेळ लागतो, कारण नवे शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने जातात. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त.

ते चिडतील. चिडू देत. आज रात्री जेवणं झाली की शांतपणे सांग, 'तुमचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही.' आणि उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून २२ तारीख पुढे ढकल.