कमी हक्कांच्या युजरनं बॅकअप घेताना वर्कबेंच 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणतं, तर रूट मागावा का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीचा डेटाबेस शेअर्ड होस्टिंगवर (अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या सर्व्हरवर) आहे, मायएसक्यूएल ८. वर्कबेंच या मायएसक्यूएल हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये सौदे, पोती, पट्ट्या सगळं दिसतं, नवी नोंदही होते. पण डेटा एक्स्पोर्ट केलं की 'प्रोसेस प्रिव्हिलेज' नाही म्हणून अडतं. पट्टीतली हमाली-तोलाई ट्रिगरनं (नोंद होताना डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या आदेशानं) वजा होते, हेही तुम्ही लिहिलंय. ते फार महत्त्वाचं आहे, पुढे येतोच.

रूट, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे हक्क असलेला मुख्य युजर, मागू नका. शेअर्ड होस्टिंगवर तो मिळणार नाही आणि या कामाला लागतही नाही.

वर्कबेंच स्वतः बॅकअप घेत नाही. तुम्ही बटण दाबलं की ते मागच्या मागे मायएसक्यूएलडम्प हा बॅकअपचा प्रोग्रॅम चालवतं. हा डम्प तुमच्या टेबलांसोबत टेबलस्पेसची (डिस्कवर डेटा ठेवायच्या जागेची) माहितीही परस्पर विचारतो. ती इन्फर्मेशन_स्कीमातल्या 'फाइल्स' टेबलात असते आणि ५.७.३१ व ८.०.२१ पासून ते टेबल वाचायला प्रोसेस हक्क लागतो. हा हक्क अख्ख्या सर्व्हरचा असतो, एका डेटाबेसपुरता देता येत नाही. ज्याच्याकडे तो आहे त्याला त्या सर्व्हरवरच्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या चालू क्वेरीही दिसतात. होस्टिंगवाला देत नाही ते योग्यच करतो. तुमच्या हिशेबाला टेबलस्पेसचं काही देणंघेणं नाही, म्हणून ती माहिती विचारूच नका. कमांड प्रॉम्प्टवर थेट डम्प चालवा (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करा):

मायएसक्यूएलडम्प -एच होस्ट -यू युजर -पी --नो-टेबलस्पेसेस --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --रिझल्ट-फाइल=पेढी.एसक्यूएल डेटाबेसचं_नाव

'सिंगल-ट्रान्झॅक्शन' नसेल तर डम्प टेबलांना कुलूप लावायला जातो आणि लॉक टेबल्स हक्क नसल्यास १०४४ क्रमांकाच्या एररवर थांबतो. हा पर्याय फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांना उपयोगी आहे. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारची असतील, तर सौदे संपून नोंदी थांबल्यावरच बॅकअप घ्या. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये '>' चिन्हानं फाइल बनवू नका. ती यूटीएफ-१६ मध्ये बनते आणि परत नीट चढत नाही. रिझल्ट-फाइल त्यासाठीच दिलीय. आता डम्पनं रीलोड किंवा फ्लश_टेबल्स हक्क मागितला, तर '--सेट-जीटीआयडी-पर्ज्ड=ऑफ' जोडा. ८.०.३२ पासून काही सर्व्हरांवर हे लागतं.

आता ट्रिगरचं. प्रोसेस हक्क नसला तर निदान एरर तरी येते. ट्रिगर हक्क नसला तर काहीच येत नाही. ज्या टेबलावर हा हक्क नाही त्याचे ट्रिगर सर्व्हर त्या युजरला दाखवतच नाही, आणि डम्पला वाटतं की ते नाहीतच. फाइल तयार होते, आकारही बरोबर वाटतो. ती परत चढवल्यावर नव्या पट्ट्या हमाली-तोलाई वजा न होताच निघतील आणि शेतकऱ्याला रक्कम देऊन झाल्यावर ते कळेल. म्हणून आधी तुमचे हक्क दाखवणारी 'शो ग्रँट्स' ही क्वेरी चालवा. दोन ओळी दिसतील. पहिल्या ओळीतल्या 'युसेज'चा अर्थ फक्त लॉगिन. दुसऱ्या ओळीत तुमच्या डेटाबेसचं नाव असतं. त्यातल्या अंडरस्कोअरच्या आधी उलटी तिरकी रेघ दिसली तर घाबरू नका. ग्रँटमध्ये नुसता अंडरस्कोअर म्हणजे 'कोणतंही एक अक्षर', म्हणून ती रेघ हवीच. त्या ओळीत सिलेक्ट, शो व्ह्यू आणि ट्रिगर हे तीन हक्क असलेच पाहिजेत, किंवा मग 'ऑल प्रिव्हिलेजेस'. इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारे आदेश) वापरत असाल तर इव्हेंट हक्क हवा आणि डम्पला '--इव्हेंट्स' जोडायला हवं.

डम्प झाला की फाइल उघडून बघा. 'क्रिएट ट्रिगर' असं शोधलं तर सापडणार नाही, कारण डम्प त्या दोन शब्दांमध्ये कॉमेंटची चिन्हं आणि डिफायनर (ट्रिगर ज्याच्या नावावर आहे तो युजर) घालतो. नुसतं 'ट्रिगर' शोधा. 'इनसफिशंट प्रिव्हिलेजेस' हेही शोधा. प्रोसीजरचा (डेटाबेसमध्ये साठवलेल्या आदेशांच्या संचाचा) मजकूर वाचता आला नाही की डम्प फाइलमध्ये तशी कॉमेंट टाकतो. हा मजकूर ती प्रोसीजर ज्याच्या नावावर आहे त्याला, ग्लोबल सिलेक्ट असलेल्याला किंवा (८.०.२० पासून) शो_रूटीन असलेल्यालाच दिसतो. अगदी शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' ही ओळ नसेल तर ती फाइल बॅकअप म्हणून धरू नका.

फाइल दुसऱ्या युजरनं चढवताना १२२७ क्रमांकाची एरर आली, तर दोष त्या डिफायनरचा. ट्रिगर जुन्या युजरच्या नावावर आहे आणि दुसऱ्याच्या नावानं तो बनवायला सुपरसारखा मोठा हक्क लागतो. फाइलच्या प्रतीतून डिफायनरचा तेवढा भाग काढा, ट्रिगर चढवणाऱ्याच्या नावावर होईल. १४१९ आली तर मात्र तुमच्या हातात काही नाही. बायनरी लॉग (सर्व्हरवरच्या बदलांची नोंदवही) चालू असताना ट्रिगर बनवायला होस्टिंगवाल्यालाच 'लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स' सुरू करावं लागतं.

वर्कबेंचमधून चालतं आणि सर्व्हरवरून चालत नाही असं झालं, तर 'सिलेक्ट करंट_युजर()' दोन्हीकडे चालवा. एकच नाव 'लोकलहोस्ट' आणि '%' अशा दोन होस्टांसह असेल तर ते दोन वेगळे युजर आहेत आणि त्यांचे हक्कही वेगळे.

ट्रिगर हक्क नाही असं निघालं, तर आधी सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) डेटाबेसच्या यादीत त्या युजरवर क्लिक करून खूण करता येते का बघा. तिथे नसेल तर होस्टिंगवाल्याला 'बॅकअप होत नाही' असं मोघम लिहू नका. युजरचं नाव, डेटाबेसचं नाव, 'शो ग्रँट्स'च्या दोन्ही ओळी आणि 'या डेटाबेसवर ट्रिगर व शो व्ह्यू हवेत, बाकी काही नको' एवढं लिहा.