सायकलवरून उतरल्यावर पळायचं कसं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३८ वर्षांची, वारज्याला राहते, आयटीत आहे. दोन वर्षांपासून पळतेय, १० के (म्हणजे १० किमी) साधारण ६५ मिनिटांत होते. ऑफिसमधल्या ग्रुपने ड्युएथलॉनला नाव दिलंय आणि माझंही दिलं. ५ किमी पळणं, २० किमी सायकल, परत अडीच किमी पळणं. अजून आठ आठवडे आहेत. माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे, सगळे म्हणतायत रोडबाइक (बारीक टायरची, रेसची सायकल) घे नाहीतर मागे पडशील, घेऊ का? आणि १० के जमते म्हणजे शेवटचं अडीच किमी तर सहज होईल ना? – एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, आधी नाव दिल्याबद्दल मनापासून अभिनंदन, आता मागे हटू नका.

रोडबाइक आत्ता घेऊ नका. २० किमीत तुमचा वेळ वाचला तर चार-पाच मिनिटं वाचेल, आणि त्यासाठी पन्नास-साठ हजार घालून वर नवीन हँडल, नवीन ब्रेक, नवीन गिअर यांची सवय आठ आठवड्यात करत बसायची, त्यापेक्षा आहे ती हायब्रिड दुकानात नेऊन नीट सर्व्हिसिंग करून घ्या. चेन, ब्रेक पॅड, गिअर ट्यूनिंग, आणि टायर जाड गोट्यांचे असतील तर गुळगुळीत टायर टाका, एवढ्याने सायकल वेगळीच वाटायला लागते. सीटची उंची मात्र बघाच. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे, म्हणजे मग चवड्याने पेडल मारताना तो थोडा वाकलेला राहतो. रस्त्यावर बघते तर निम्म्या लोकांची सीट खूप खाली असते आणि मग गुडघे दुखले की सायकलला दोष देतात. पेडल साधीच राहू द्या, खास बूट अडकवायची नकोत, पळायच्या बुटांवरच सायकल चालवा, बूट बदलायचा प्रश्नच येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. शेवटचं अडीच किमी सहज होणार नाही. म्हणजे होईल, पण सराव केला तरच. पाऊण-एक तास सायकलवर पुढे वाकून बसलेलं असतं, मांड्यांचा पुढचा भाग सतत काम करत असतो, कंबरेपाशी पाय उचलणारे स्नायू आखडलेले असतात, आणि तुम्ही उतरून पळायला लागलात की पाय दगडासारखे जड होतात, ढांग पडतच नाही, आपण खूप हळू चाललोय असं वाटतं (घड्याळात बघितलं तर बऱ्याचदा तेवढं हळू नसतं, म्हणून घाबरायचं नाही). हे सगळ्यांना होतं, कसलेल्या लोकांनाही होतं, फरक एवढाच की त्यांनी ते आधी शंभरदा अनुभवलेलं असतं. सरावाने ही अवस्था पाच-सात मिनिटांत सुटते, नाहीतर तुमचं अख्खं अडीच किमी त्यातच जातं.

म्हणून सायकल झाल्या झाल्या पळायचं. याला ब्रिक म्हणतात आणि आठ आठवड्यात बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल पण हे दर रविवारी झालंच पाहिजे. तुम्ही वारज्याला आहात म्हणजे सोयीचंच आहे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे करत खडकवासल्यापर्यंत जाऊन परत या, फक्त सहाच्या आत निघा कारण नंतर धरणाच्या चौपाटीकडे गर्दी सुरू होते आणि गाड्या कुठेही थांबतात. घरी आलात की सायकल पार्किंगमध्ये लावायची, पाणी प्यायचं आणि लगेच पळायला बाहेर, वर जाऊन चहा-बिहा नाही. पहिल्या रविवारी दहा मिनिटंच पळा, मग हळूहळू वाढवत पंचवीस मिनिटांपर्यंत न्या. आठवड्यातल्या मधल्या दिवसांत एक साधं पळणं, एक थोडं चढाचं पळणं (वेताळ टेकडी किंवा तळजाई, जे जमेल ते), आणि एक दिवस सायकल. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्मं करा, त्या आठवड्यात केलेली मेहनत रेसला उपयोगी पडत नाही, उलट नडते.

आणि पहिलं ५ किमी! नवखे लोक रेस तिथेच घालवतात. हॉर्न वाजतो, आजूबाजूचे सुसाट सुटतात, पाय ताजे असतात आणि आपणही सुटतो. थोडा हिशोब करून बघा. तुमचा १० केचा वेग साडेसहा मिनिटाला एक किमी आहे, समजा तुम्ही मुद्दाम सातने पळालात तर ५ किमीत गेली फक्त अडीच मिनिटं. पण साडेसहापेक्षाही जोरात पळून पाय संपवले आणि शेवटचं अडीच किमी चालत यावं लागलं तर तिथे आठ-नऊ मिनिटं जातात, सायकलवर गेलेली वेगळी. शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने पहिलं ५ किमी करा, लोक पुढे जातील, जाऊ द्या, त्यातले बरेच नंतर भेटतात. तुमचं अंतर स्प्रिंटचं आहे, याच्या दुप्पट म्हणजे १०-४०-५ हे स्टँडर्ड, आणि स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगनला १९८९ पासून जी पॉवरमॅन नावाची ड्युएथलॉन रेस होते तिथे १० किमी पळून १५० किमी सायकल मारून मग परत ३० किमी डोंगरात पळायचं असतं. विचार करा, तिथे पहिल्या दहात जोर लावणाऱ्याचं शेवटच्या तीसमध्ये काय होत असेल. अंतर छोटं असलं तरी शरीर तेच आहे.

सायकलवर शेवटचा एक किमी गिअर हलका करा आणि पाय भरभर फिरवा, पळण्याची लय तिथूनच धरायची. खाणंही सायकलवरच, कारण पळताना पोट हलतं आणि पचत नाही. तुम्हाला एकूण पावणेदोन-दोन तास लागतील, तासाला ३० ग्रॅमच्या वर कार्ब (कर्बोदकं) पोटात गेले पाहिजेत, एका केळ्यात साधारण २५ असतात. पाकिटातलं एनर्जी जेलच पाहिजे असं काही नाही, खजूर, चिक्की, किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत भरलं तरी छान चालतं. फक्त जे काही घेणार ते रविवारी रस्त्यावर खाऊन बघितलेलं हवं. रेसच्या दिवशी नवीन काही नको, बूटसुद्धा नको.

ट्रान्झिशन एरियाची, म्हणजे पळणं संपवून सायकल घ्यायची आणि परत आणून लावायची जी जागा असते तिथली, प्रॅक्टिस पार्किंगमध्ये करा, खरंच करा. धावत यायचं, आधी हेल्मेट घालायचं, हनुवटीखालचा पट्टा खटकन लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा. परत आल्यावर उलटं, सायकल स्टँडला लागेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. आतमध्ये सायकलवर बसायचं नाही, हाताने ढकलत माउंट लाइनच्या पुढे न्यायची आणि मग बसायचं, येताना डिस्माउंट लाइनच्या अलीकडे उतरायचं. सोप्पं वाटतं, पण छाती भात्यासारखी चालू असताना बोटं थरथरतात आणि तो पट्टा लागत नाही. आणि एक जादा ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, छोटा पंप सोबत ठेवा, पंक्चर स्वतः काढायला शिका, कारण नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही, घरच्यांनी कडेला उभं राहून पंप दिला तरी बाद होऊ शकता. त्यांना टाळ्या वाजवायला जरूर बोलवा.

प्रश्न : वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. मुलगी म्हणते बाबा तुम्ही पण करा. करावं का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : काका, मुलीचं ऐका, पण आधी डॉक्टरांचं ऐका. नाव देण्याआधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करायची का ते विचारा आणि गोळी कुठली आहे ते त्यांच्याशी बोला. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके गोळीमुळेच कमी राहतात, मग घड्याळातल्या हार्ट रेट झोनवर जायचं नाही, बोलता येतंय का एवढंच बघायचं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी आणि मीठ लवकर कमी होतं, तेही विचारून घ्या. आपल्याकडे फेब्रुवारीतही पहाटे स्वेटर आणि दहाला चटका अशी हवा असते. छातीत दडपण, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं, पुढच्या वळणापर्यंत बघू असं करायचं नाही. आणि बऱ्याच रेसमध्ये रिले असते, एकाने पळायचं, दुसऱ्याने सायकल. पहिल्या वर्षी तुम्ही सायकल घ्या आणि मुलीला पळू द्या, दोघांना एकाच रेसचं मेडल, याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

प्रश्न : मित्राच्या मागे चिकटून सायकल चालवली की वारा लागत नाही. हे चालतं का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : सरावात चालतं, तेही मित्राचा अंदाज असेल तर. रेसमध्ये मात्र आपल्यासारख्या हौशी गटांना ड्राफ्टिंगची, म्हणजे असं मागे चिकटून चालवण्याची, बहुतेक ठिकाणी बंदी असते, पुढच्या सायकलपासून ठरलेलं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पेनल्टी. ओव्हरटेक करायचं तर रेंगाळायचं नाही, झटकन पुढे जायचं, आणि तुम्हाला कोणी ओव्हरटेक केलं तर मागे सरकायची जबाबदारी तुमची. अंतर नेमकं किती ते आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये (नियम समजावतात त्या मीटिंगमध्ये) सांगतात, म्हणून नुसतं बिब (छातीवर लावायचा नंबर) घेऊन पळू नका, पूर्ण ब्रीफिंगला बसा. कायम डावीकडून चालवा, कानात इअरफोन नको. स्पीडब्रेकर किंवा खड्डा दिसला की मागच्याला हात करून दाखवा, तो तुमचा मित्र असो नाहीतर नसो.