परवान्याच्या .३२ पिस्तुलाच्या फ्रेममधली पिन सरकते, घरीच ठोकून बसवू का?

नाही, ठोकू नका. दुरुस्ती होईपर्यंत फायरिंगही बंद ठेवा. पिन दर वेळी एकाच बाजूने डोकावत असेल तर ती झिजलीय किंवा फ्रेमचं भोक मोठं झालंय, आणि हातोडीने ते आणखी सैलावतं. पोकळ स्प्रिंग-पिन असेल तर तिचा ताण गेलाय, नवीच टाकावी लागते. सुपरग्लू तर विसराच. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतीतला ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी चालणार नाही, परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीवालाच गाठा. मात्र पिन फक्त स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) काढल्यावरच हलत असेल तर कदाचित बिघाड नसेलही: काही पिस्तुलांत ती हाताने सरकण्याइतकी सैलच असते, जोडणी झाली की आतली स्प्रिंग किंवा खटका तिला खाचेत धरतो.