नवरा उत्पन्न लपवतोय, वकील परवडत नाही. पोटगीची केस स्वतः लढता येईल का?

ताई, येईल. कौटुंबिक न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडणं हीच मूळ पद्धत आहे. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यातलं कलम 13 वाचा, तिथे वकील लावणं हा कुणाचा हक्क नाही. पण मी लिहायला बसले ते तुम्ही लिहिलेल्या आणखी एका वाक्यामुळे: ‘घरचे म्हणतात, पैशासाठी भांडणं शोभत नाही.’ माझे मामा हेच म्हणायचे.

माझ्या नवऱ्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मी नाशिकला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी (केस चालू असतानाची) मागितली. मालमत्तेचं शपथपत्र द्यायला तो तारखांवर तारखा घेत राहिला. कधी वकील आजारी, कधी कागद सापडत नाहीत. शेवटी दिलं त्यात लिहिलेलं: जमीन जिरायत, बाग मोडली, हातात काही उरत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे रिटर्न मागवून आपल्या हाती काही लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण सातबाऱ्यात बारा नंबरही असतो, म्हणजे पिकांची नोंद. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा काढला, तर पिकाच्या रकान्यात द्राक्ष. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मी अर्ज दिला की सोसायटीच्या सचिवांना कर्जाच्या फाइलसह बोलवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 खाली ते मागता येतं. कर्जाच्या अर्जात बागेचं क्षेत्र त्याने स्वतः सही करून दिलेलं होतं. कर्ज घेताना बागायतदार आणि बायकोला द्यायची वेळ आली की जिरायत! फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) काढला तर माझ्या केसची नोटीस मिळाल्यानंतर भावाच्या नावे हक्कसोड केलेली, म्हणजे आपला हिस्सा त्याला सोडून दिलेला. दोन्ही तारखा एकाखाली एक लिहून कोर्टापुढे ठेवल्या. त्यानंतर प्रश्न त्याच्या वकिलाला विचारले जाऊ लागले.

मामा म्हणायचे, आपल्या घरातली बाई कोर्टात हिशोब मागत फिरत नाही. अहो, त्या बागेचा हिशोब लिहायचं कोण? डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसांत पहाटे मजुरांचा डबा मी करायचे, व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या मी जुळवायचे, औषधवाल्याची उधारी माझ्या वहीत. जे मी उभं केलं त्याचा आकडा विचारण्यात लाज कसली? लाज लपवणाऱ्याने बाळगावी. मामांना हे मी तोंडावर सांगितलं आणि आजही सांगते.

तर तुमच्यासाठी: रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, 4 नोव्हेंबर 2020. या निकालाची प्रत सोबत ठेवा. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. समोरच्याला जास्तीत जास्त चार आठवडे आणि दोनपेक्षा जास्त संधी नाहीत. मुद्दाम टाळत असेल तर त्याचा बचाव रद्द करता येतो. तसा लेखी अर्ज द्या. तोंडी रडगाणं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येत नाही. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायची, त्यामुळे त्याने लांबवलं तरी थकबाकी त्याच्याच अंगावर चढते.

हे आधी सांगायला हवं होतं: घटस्फोटात नवऱ्याच्या मालमत्तेचा आपोआप निम्मा वाटा आपल्याकडे मिळत नाही. कागद लागतात ते त्याची ऐपत दाखवायला. सासूच्या स्वतःच्या नावावरची जमीन त्यात धरू नका. स्वतःच्या शपथपत्रात शिवणकामाचे पैसेसुद्धा लिहा, नाहीतर खोट्या शपथपत्राची कारवाई तुमच्यावरच उलटेल. आणि उलटतपासणी अवघड वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुमचा नवरा काय करतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीत असेल तर काम सोपं आहे: कंपनीकडून पगारपत्रकं आणि फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) कोर्टामार्फत मागवा. धंदा असेल तर त्याच्या बँक खात्यांचे उतारे आधी मागा, मग जीएसटीची विवरणपत्रं.