बाहेरचं तंत्रज्ञान, त्याचं ड्रॉइंग, मॅन्युअल, लायसन्स सगळं विकत घेतलं, तरी कंपनीत नवं काही का घडत नाही?

कारण करणाऱ्याच्या हातात जे मुरलेलं असतं, ते मॅन्युअलमध्ये उतरत नाही. तो लपवतो असंही नाही. हे सांगायला हवं हेच त्याच्या लक्षात येत नाही. आईला चकलीत मोहन किती विचारा, "अंदाजाने" म्हणेल.

१९७०च्या सुमारास कॅनडात टीईए लेसर (हवेच्या साध्या दाबावर चालणारा गॅस लेसर) तयार झाला. ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा तो कसा बनवतात हे समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी पाहिलं. नुसता छापील लेख वाचून एकालाही तो चालवता आला नव्हता. ज्यांचं चालता लेसर असलेल्यांकडे जाणं-येणं होतं, त्यांनाच जमला. अडत कुठे होतं? एक मुद्दा निघाला कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या भागाच्या) तारेचा: ती आखूड हवी. एवढीशी गोष्ट, पण सुरुवातीला कुणाला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती!

आपल्याकडचं उदाहरण रॉकेटच्या विकास इंजिनाचं. १९७४च्या करारानुसार इस्रोचे इंजिनिअर फ्रान्समध्ये व्हायकिंग इंजिनावर तिथल्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून राबले. शिकून आले, इथे इंजिन उभं केलं; पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा त्यावरच चालतो. क्रायोजेनिक इंजिनाच्या (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) बाबतीत उलट झालं. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतलं, तयार इंजिनं तेवढी दिली. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह यशस्वी उड्डाण व्हायला २०१४ उजाडलं.

तेव्हा पुढच्या करारात प्रशिक्षणाचे महिने भांडून घ्या. आणि तिकडे साहेबांना नको, मशीनवर उभा राहणारा माणूस पाठवा. शक्यतो दोघं, एक नोकरी सोडतोच.